मोहेअरच्या नावाखाली प्लास्टिकची आयाळ

मला जळक्या केसांचा वास हवा होता. तो आलाच नाही.

आयाळीतली एक बारीक बट चिमट्यात धरून मी मेणबत्तीजवळ नेली. ती पेट घेण्याआधीच आक्रसली, वितळली आणि तिच्या टोकाला मोहरीएवढा काळा मणी तयार झाला. गार झाल्यावर नखाने दाबून पाहिला, तर खड्यासारखा टणक. वास सगळा जळक्या प्लास्टिकचा. न्यू जर्सीत एडिसनला आमच्या स्वयंपाकघरात, रात्री अकराच्या सुमाराला, मला कळलं की २४० डॉलर देऊन आणि आठ महिने वाट पाहून मी माझ्या खेळण्यातल्या घोडीला मोहेअर, म्हणजे अंगोरा बोकडाचे केस, समजून बाहुलीचे केस लावून घेतले आहेत.

ही परीक्षा मला आईने शिकवलेली. येवल्याहून पैठणी आली की आई दशीतला एक धागा काढून जाळून बघायची. खरं रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. नकली धागा वितळून त्याची गोळी होते. मोहेअरचंही तसंच, कारण तेही रेशीम, लोकर आणि आपले केस यांच्यासारखं प्रथिनाचंच. हे सगळं मला पाठ होतं, तरी पैसे देण्याआधी मी केस बसवून देणाऱ्या बाईकडे एक बट मागितली नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात ब्रायर या अमेरिकन कंपनीचे प्लास्टिकचे घोडे आहेत, आणि ज्यांच्या मुलामुलींनी ते जिवापाड जपले आहेत, त्यांनी तरी ती मागावी म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घोडीचं नाव चांदणी. ब्रायरच्या मोठ्या, म्हणजे खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाच्या मापातली ही अरबी घोडी, अंगाने तांबडी, आयाळ-शेपूट काळी, कपाळावर पांढरा ठिपका. कारखान्यातून येताना या घोड्यांची आयाळ अंगाबरोबरच साच्यात ओतलेली असते. चांदणीची ती आयाळ कुणा कलाकाराने घासून काढून टाकली होती आणि तिच्या जागी मोहेअर बसवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका वयस्कर बाईंनी आपला संग्रह मोडायला काढला, तेव्हा २०१४ साली लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला मी ती घेतली. लेक तिला दर रविवारी खरारा करायची. खरारा म्हणजे काय, तर जुना मऊ टूथब्रश आणि एक शिवणाची सुई, गुंता टोकाकडून सोडवायला.

लेक कॉलेजला गेल्यावर चांदणी कपाटात गेली, आणि तिथे माझी चूक झाली. त्याच कपाटात भारतातून आणलेल्या लोकरी शाली होत्या. शालींना कसर लागली, आणि कसरीला काश्मीरची शाल काय नि घोडीची आयाळ काय, दोन्ही सारखीच. २०२२च्या वसंतात दार उघडलं तेव्हा मानेवर चार झिपऱ्या उरल्या होत्या आणि शेपूट मुळाशी कुरतडली गेली होती.

त्या जुलैत आम्ही लेक्सिंग्टनला ब्रायरफेस्टला गेलो. केंटकी हॉर्स पार्कमध्ये १९९०पासून हा मेळा भरतो. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पार्कमधल्या मेळ्याइतकीच मोठी जत्रा गावातल्या हॉटेलांत असते. लोक खोल्या घेतात, दारं उघडी ठेवतात, पलंगावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर घोडे मांडतात आणि आपण या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहतो. अशाच एका खोलीत ती बाई भेटली. तिच्या टेबलावर तीन केसाळ घोडे होते. एकाची आयाळ अशी पडली होती, की खिडकीतून वारा आला असं वाटावं. मी हात लावला. ते मोहेअरच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. नमुना खरा होता. म्हणूनच मी फसले.

आणखी एक कारण होतं. हल्ली बहुतेक कलाकार एपॉक्सीच्या लगद्यातून आयाळ कोरून काढतात. केस बसवणारे हात कमी राहिले आहेत. कुणी मिळालं की आपण हरखतो. बाई गोड बोलणारी. चांदणीला हातात घेऊन म्हणाली, ‘बिचारी! हिला मी पुन्हा राणी करते.’ डोळ्यांत पाणी आलं माझ्या. विसार म्हणून निम्मे पैसे मागेल असं वाटलं होतं, पण तिने सगळेच मागितले, ‘मोहेअर आधी विकत घ्यावं लागतं’ म्हणून. आणि फोनवरून पाठवताना मित्र-नातेवाइकांसाठीचा पर्याय निवडायला सांगितलं, ‘उगाच कापून जातात त्यातले.’ कापून जाणारे पैसे म्हणजे सात-आठ डॉलर. ते वाचवण्यासाठी मी संरक्षण सोडून दिलं. त्या पर्यायाने गेलेला पैसा म्हणजे भेट, खरेदी नव्हे. पुढे तक्रार केली तेव्हा मला नेमकं हेच उत्तर मिळालं.

सप्टेंबरात फोटो आले. काळं कुळकुळीत मोहेअर, अर्धी मान झालेली. मी खूश. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला: ‘आई, खूर बघ.’ चांदणीच्या उजव्या मागच्या खुरावर तांदळाएवढा टवका आहे. लेक बारा वर्षांची असताना घोडी फडताळावरून पडली होती. फोटोतल्या घोडीचा खूर अखंड. विचारलं तर बाई म्हणाली, ‘रंग भरून दुरुस्त केला, तुझ्यासाठी फुकट.’ मी विश्वास ठेवला. मग डिसेंबरपर्यंत काही नाही. जानेवारीत तिच्या घरी आजारपण, फेब्रुवारीत टपाल बंद. मार्चमध्ये खोकं आलं. टवका जागच्या जागी होता. म्हणजे ते फोटो दुसऱ्याच घोडीचे, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कामाचे.

पहिल्या नजरेला आयाळ छान दिसली. चमक जरा जास्त होती. मोहेअरचीही चमक असते, पण ती तेलाच्या हातासारखी मऊ असते. ही काचेसारखी होती. बोटात एक बट घेतली तर सगळे केस एकसारखे जाड आणि पार टोकापर्यंत तेवढेच. खऱ्या मोहेअरच्या झुपक्यात थोडी वळणं असतात, टोकं निमुळती असतात. लांबीकडेही माझं लक्ष जायला हवं होतं. अंगोरा बोकड वर्षातून दोनदा कातरतात, आणि एका कातरणीला साधारण चार ते सहा इंच लांबीचं मोहेअर मिळतं. त्या बाईने मला ‘फूटभर लांबीचं, हवं तेवढं’ असं सांगितलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं की बाई, हा कुठला बोकड?

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. प्लास्टिकचे केस उपटून टाकता येतील, असं मी समजत होते. मान उजेडात धरली तेव्हा मुळाशी पांढरट धुरकट पट्टा दिसला, काचेवर श्वास सोडल्यावर दिसतो तसा. केस फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने चिकटवले होते. जाणकार कलाकार हे कधीच करत नाही. तो मानेवर बारीक चर कोरतो, त्यात फेविकॉलसारखा पांढरा गोंद भरतो आणि खांद्यापासून कानांकडे एकेक पातळ झुपका वर चढवत नेतो, कौलं शाकारल्यासारखा. पांढरा गोंद पाण्याने मऊ होतो. वीस वर्षांनी केस बदलायचे झाले तरी ओला कापूस ठेवून, थांबून, काढता येतात. झटपट गोंद केसांच्या मुळातून वर चढत जातो, बट खराट्यासारखी ताठ होते, आणि तो सोडवायला लागतं अॅसिटोन.

ब्रायरचे हे मोठे घोडे ज्या प्लास्टिकचे बनतात ते सेल्युलोज अॅसिटेट. आणि अॅसिटोन सेल्युलोज अॅसिटेट विरघळवतं.

माझ्याकडे पाय मोडलेला एक जुना घोडा आहे. त्याच्या पोटावर अॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाकून पाहिला. पाच-दहा सेकंदांत रंग सुटला, खालचं अंग गुळाच्या पाकासारखं चिकट झालं आणि कापसाचे तंतू त्यात रुतून बसले. वाळल्यावर तिथे कायमचा खड्डा. चांदणीच्या मानेवर हे करायचं धाडस मला झालं नाही, आणि कुणाला होऊ नये. नखाने आणि लाकडी काडीने जेवढे निघाले तेवढे केस मी तीन आठवडे रोज थोडे थोडे काढले. चराच्या तळाचा गोंद तसाच आहे. शिवाय चर इतका खोल खणला होता, की कानामागे केसाएवढी भेग गेली आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. बाईला लिहिलं, तिने ‘हे मोहेअरच आहे’ म्हणून उत्तर दिलं. बट जाळतानाचा व्हिडिओ पाठवला, त्यानंतर तिने मला ब्लॉक केलं. पैसे पाठवणाऱ्या सेवेने तक्रार फेटाळली. यूएस पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे टपालातून झालेल्या फसवणुकीची तक्रार ऑनलाइन देता येते, ती दिली. पैसे परत आलेले नाहीत. तरी तुमच्या बाबतीत असं झालं तर तक्रार जरूर द्या, कारण एकाच पत्त्यावर चार तक्रारी जमल्या तर त्याला वजन येतं.

आता कुणाला काम द्यायच्या आधी मी काय करते ते सांगते. जे मोहेअर लावणार त्याचीच एक बट आधी टपालाने मागवते आणि घरी जाळते. खरा कारागीर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. गोंद कुठला, हे लेखी विचारते. निम्मेच पैसे आधी, तेही खरेदी म्हणून, वरचे सात डॉलर गेले तर गेले. घोडा देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढते, टवके-ओरखडे जवळून. कामाचा फोटो मागताना घोड्याच्या पायाशी माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगते. आणि ज्यांचं काम त्या व्यक्तीने दोन-तीन वर्षांपूर्वी केलंय अशांना शोधून विचारते, कारण झटपट गोंदाचं खरं रूप पहिल्या आठवड्यात दिसत नाही.

ज्यांच्याकडे चांगले केसाळ घोडे आहेत त्यांनी कसरीकडे दुर्लक्ष करू नका. लोकरीच्या कपाटात ते ठेवू नका, उन्हात नको, आणि उन्हाळ्यात गाडीत तर अजिबात नको, कारण अॅसिटेट उष्णतेने वाकतं. डांबराच्या गोळ्या मी प्लास्टिकजवळ ठेवत नाही. केस धुवायचेच झाले तर कोमट पाणी, लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब, चोळायचं नाही, मुळाशी पाणी मुरू द्यायचं नाही, नाहीतर तो पांढरा गोंद सुटेल. ओले असतानाच बोटाने वळण द्यायचं, वरून मऊ कापडाची पट्टी सैल गुंडाळायची आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. ड्रायर नाही.

मानेवर पुन्हा केस बसवायचं काम मी कुणाला देणार नाही; एपॉक्सीने भेग बुजवून तिची आयाळ कोरून घ्यावी असं लेकीचं म्हणणं आहे. शेपटीचं भोक मात्र शाबूत आहे. तिथे त्या बाईने नुसती गाठ मारून कोंबली होती, ती सहज निघाली. शेपटीसाठी ओहायोतल्या एका शेळीपालक बाईंकडून काळं मोहेअर मागवलं. बट जाळली, वास घेतला, राख बोटात चुरली. उरलेला झुपका बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला आहे, दोन आठवडे, म्हणजे कसरीचं अंडं असलंच तर मरेल. शनिवारी मुदत संपते. पिशवी न उघडता दिवसभर ओट्यावर ठेवायची आणि रविवारी लेक आली की ती चांदणीला शेपूट लावणार आहे.