बालसंधिवात असलेल्या स्त्रीची प्रसूती: तालुक्याला की मेडिकलला?

वयाच्या १६व्या वर्षाआधी सुरू झालेला संधिवात सोबत घेऊन वाढलेल्या गर्भवतीला तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय सोयीचे असते; आशाताई ओळखीच्या असतात आणि रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन यांची नियमित तपासणी तिथे होऊ शकते. प्रसूतीसाठी मात्र सेवाग्राम किंवा नागपूरचे मेडिकल, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय, मला उजवे वाटते, कारण खुब्याचे सांधे आखडले असतील तर मांड्या पुरेशा फाकत नाहीत, आणि सिझेरियनमध्ये पूर्ण भूल द्यावी लागलीच तर कमी उघडणारा जबडा व ताठ मान यांमुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, म्हणून भूलतज्ज्ञाने तिला आधीच तपासलेले बरे. गाडीभाडे, सोबतीचे माणूस, ऐन सोयाबीन काढणीचे दिवस, या अडचणी खऱ्याच. मेथोट्रेक्सेट या संधिवातावरील औषधाबाबत दोन्हीकडे एकच सल्ला मिळायला हवा: ते औषध डॉक्टरांना विचारून गर्भधारणेच्या साधारण ३ महिने आधी थांबवावे.