मीटरचा काटा हिरव्यातच होता

हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. काम बहुतेक एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत कूलरची गार हवा एक्झॉस्टने बाहेर जाताना जीव तुटतो. एका विक्रेत्याने तेच दुखणं हेरलं. "भाऊ, धूर ओढायचा, हेपातून गाळायचा, तीच हवा आत सोडायची. टेन्शनच नाही न!" हेपा म्हणजे हवेतले अतिबारीक कण अडवणारा फिल्टर. त्या यंत्राला साडेतीन लाख मोजले.

पंधरा दिवसांत शेडमध्ये चिकचिक सुरू झाली. हवेला बाहेर वाट नसली की डेझर्ट कूलरचा ओलावा आतच साचतो, हे ठाऊक असूनही मी गप्प बसलो. मग मिस्त्री म्हणाले, "दादा, घसा खवखवते." विक्रेत्याला फोन लावला. "मीटर पाहा, काटा हिरव्यात आहे न?" होता. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या त्या मीटरचा काटा दोन महिने शून्यावर, तसूभरही हलला नव्हता.

एका रात्री वेल्डिंग चालू ठेवून दिवे मालवले आणि गाळलेली हवा परत आत सोडणाऱ्या जाळीसमोर टॉर्च आडवा धरला. झोतात निळसर धूर तरंगत होता. मीटर काढून पाहिलं तर मागची दोन्ही तोंडं उघडी, नळीच जोडलेली नाही. फिल्टरमधून हवा जात असेल तर दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडणारच, आणि फिल्टर भरत जातो तसा तो वाढतो. शून्य दिसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. फिल्टर फोडला. हेपाच्या स्टिकरमागे साधं पॉलिस्टरचं कापड, कडेने हवा निसटू नये म्हणून लावतात ती गॅस्केटची पट्टी नाही, फ्रेमवर काजळीचे ओघळ.

खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण कणच. कार्बन मोनॉक्साइड, ओझोन सरळ पार होतात. एसएसच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हा क्रोमियमचा विषारी प्रकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. तोच धूर मी माझ्या माणसांना पुन्हा पुन्हा श्वासातून दिला, हे पैशांपेक्षा जास्त बोचतं.

असं यंत्र घेणार असाल तर फिल्टर बसवल्यानंतरची गळती चाचणी तुमच्यासमोर करायला लावा. परतीच्या हवेत काय उरतं, ते विक्रेत्याशी संबंध नसलेल्या लॅबकडून मोजून घ्या. फिल्टर फाटला तर हवा आपोआप बाहेर वळवणारा डँपर कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आमच्याकडे तो नव्हताच.

आता धूर थेट बाहेर जातो. विक्रेता फोन उचलत नाही. तो फिल्टर मी पॉलिथिनमध्ये बांधून ऑफिसात ठेवलाय; कोणाला पाहायचा असेल तर या, फक्त पिशवी सोडू नका.