ठोकलेली की बुडालेली?

जुनी गाडी घ्यायचीये, दोन समोर आहेत. दोन्ही स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, दोन्ही २०१७च्या, दोन्ही एमएच १२. वाकडची समोरून ठोकलेली, मालक ९ लाख म्हणतो. सिंहगड रोडची जुलै २०२४च्या पुरात पार्किंगमध्ये बुडालेली, ती ६ लाखांत. मित्र म्हणाला, "दुसरी घे, पत्रा बघ कसा चकाचक!"

पण प्रश्न पत्र्याचा नाहीच! ठोकलेल्या गाडीचं नुकसान डोळ्यांना दिसतं: बंपर, रेडिएटर, इंटरकूलर, हेडलाइट. बॉनेट उघडून पुढच्या चॅसीच्या दांड्या बघायच्या. तिथे सुरकुती किंवा नवं वेल्डिंग दिसलं, तर भाव निम्म्यावर. एअरबॅग उघडल्या असतील तर त्यांचा खर्च वेगळा. धडधाकट गाडी १४ लाखांना जाते असं धरू. दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट ४ लाख, 'ॲक्सिडेंटवाली' या शिक्क्याचे दीड लाख. उरले साडेआठ. म्हणजे वाकडवाला फार काही अवाच्या सवा सांगत नाहीये.

बुडालेलीचं एस्टिमेट कोणी छातीठोक देईना. मी सीटबेल्ट पूर्ण ओढला, तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ. सीटखालच्या वायरिंगच्या प्लगांवर हिरवट गंज. डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, कंट्रोल युनिट आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात रुसेल. विम्याचे कागदही मागितले, कारण दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेली की कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद, धरते. मालक गप्प.

तिला मी सुट्या भागांचा भाव देईन, त्याहून रुपया जास्त नाही. वाकडला सव्वाआठ सांगून आलोय.