तेल बंद की तेल मोजून?

सोलापुरात कोणी 'तेल सोडलं' म्हणालं की मी आधी विचारतो, शेंगाचटणीचं काय? उखळात कुटताना सुटतं ते तेल दाण्याचंच. शेंगदाण्यात जवळपास निम्मा स्निग्धांश असतो. कढई पालथी घातली तरी तो ताटात येतोच.

तेल बंद करण्याचा फायदा सरळ आहे. स्निग्धांशाच्या ग्रॅममागे 9 कॅलरी, कर्बोदकांत वा प्रथिनांत 4च. पण अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला स्निग्धांश लागतो. शिवाय कोरडं जेवलं की चार वाजता बिस्किटांचा पुडा फुटतो. माझा तरी फुटतोच.

मोजून खाणं मला जास्त पटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांनी एकूण ऊर्जेच्या 30 टक्क्यांपर्यंतच स्निग्धांश घ्यावा, त्यात संपृक्त, म्हणजे तूप-लोण्यासारखा गोठणारा, 10 टक्क्यांच्या आत. 2000 कॅलरींच्या आहारात हे 30 टक्के म्हणजे साधारण 66 ग्रॅम स्निग्धांश होतो. दूध, दाणे, फोडणी सगळं धरून. कडक भाकरी, पालेभाजी आणि दोन चमचे चटणी यात आरामात बसते. आपल्याकडच्या करडईच्या तेलात संपृक्त भागही कमी. भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा तापवणं मात्र कुठल्याच हिशेबात बसवू नका.