कंपवातावरील ‘पेशी उपचार’: आमची फसवणूक कशी झाली

कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार झालेल्या माणसाला फसवणे किती सोपे असते, हे माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत जे घडले त्यावरून सांगत आहे. या आजारात मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन, तयार करणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि ती उणीव भरून काढण्यासाठी 1960च्या दशकापासून लेव्होडोपा हे औषध दिले जाते. काही वर्षांनी गोळीचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. अंमल असेपर्यंत रुग्ण बऱ्यापैकी हिंडतो-फिरतो, तो ओसरला की खुर्चीतून उठणेही जड जाते. डॉक्टर या अवस्थांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. आमची फसवणूक झाली ती नेमकी याच चढउताराच्या आधाराने.

पोटाच्या चरबीतून मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी (स्टेम सेल), काढून त्या पाठीच्या कण्यात टोचल्या की मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात, असे एका खासगी केंद्रात आम्हांला सांगण्यात आले आणि परदेशी संशोधनाच्या बातम्या दाखवण्यात आल्या. त्या बातम्या खऱ्या होत्या, आणि मला तोच भाग सर्वांत घातक वाटतो. 2025मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पेशी-प्रत्यारोपणाच्या दोन चाचण्या खरोखरच प्रसिद्ध झाल्या. पण त्यांपैकी एकीत 12 आणि क्योटोतील दुसरीत केवळ 7 रुग्ण होते, प्रयोगशाळेत खास घडवलेल्या पेशी शस्त्रक्रियेने थेट मेंदूत सोडल्या होत्या, आणि मुख्य प्रश्न होता तो उपचार सुरक्षित आहे का, एवढाच. चरबीतल्या पेशी पाठीत टोचण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

उपचाराच्या दिवशी बंधूंना उपाशीपोटी बोलावले आणि सकाळची गोळीही घेऊ दिली नाही. त्याच अवस्थेत त्यांना चालायला लावून पहिली चित्रफीत घेतली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, उजवा हात अंगाशी आखडलेला, वळताना दोघांचा आधार. इंजेक्शननंतर परिचारिकेने त्यांच्याच डबीतली नेहमीची गोळी त्यांना दिली आणि तासाभराने दुसरी चित्रफीत घेतली. आता हात मोकळे हलत होते, वळताना कोणाची मदत लागली नाही, आणि खोलीतल्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंधूंच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढचे काही आठवडे त्यांना खरोखरच बरे वाटत होते. त्यात खोटेपणा नव्हता. उपचार मिळाला या अपेक्षेनेच कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवते, हे 2001मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणूनच अशा केंद्रांच्या जाहिरातींत बोलणारे रुग्ण प्रामाणिक असूनही त्यांचे बोलणे पुरावा ठरत नाही. हळूहळू तो परिणाम ओसरला, तेव्हा केंद्राने ‘दुसरा डोस’ सुचवला आणि पुन्हा पैसे मागितले.

आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन्ही चित्रफिती पाहून एकच प्रश्न विचारला: प्रत्येक चित्रणापूर्वी शेवटची गोळी कधी घेतली होती? संशोधनात अशा रुग्णाची गोळी किमान 12 तास बंद ठेवून उपचारापूर्वी आणि उपचारानंतर, दोन्ही वेळा त्याच ‘ऑफ’ अवस्थेत तपासणी करतात. ‘ऑफ’ची तुलना ‘ऑन’शी केली, तर साधे पाणी टोचूनही चमत्कार दाखवता येतो.

यात धोका केवळ पैशांचा नाही. पक्षाघातानंतर निरनिराळ्या देशांत जाऊन अशी पेशींची इंजेक्शने घेतलेल्या एका माणसाच्या कण्यात दुसऱ्याच व्यक्तीच्या पेशींची गाठ वाढल्याची नोंद 2016मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये झाली आहे.

आम्ही सही केलेल्या संमतिपत्रात या उपचाराला ‘संशोधन’ म्हटले होते. खऱ्या संशोधनात प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत, त्याला नैतिकता समितीची मंजुरी असते आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणालाही तपासता येतो. केंद्राने दिलेला क्रमांक आम्ही शोधला, तेव्हा तो गुडघेदुखीवरच्या चाचणीचा निघाला.

वहिनी गोळ्यांच्या वेळा रोज वहीत लिहीत असत. त्या दिवशीच्या पानावर सकाळची जागा कोरी आहे आणि गोळीची वेळ इंजेक्शननंतरची आहे. ते पान, दोन्ही चित्रफितींवरील वेळ आणि संमतिपत्राची प्रत आम्ही तक्रारीसोबत जोडली आहे. ज्यांना अशी ‘आधी आणि नंतर’ची चित्रफीत दाखवली जात असेल, त्यांनी दोन्ही वेळच्या गोळ्यांचा हिशेब लेखी मागावा.