परी वेबसाईट : फुकट आहे, पण वेळ मागते

पहिलेच सांगून टाकतो, मी यवतमाळ जिल्ह्यातला. बारा वर्षं एका पेपरचा तालुका वार्ताहर होतो (नाव नाही सांगत), आता वावर आन् एक झेरॉक्सचं दुकान. वार्ताहर म्हणजे काय, तर 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, भाऊसाहेबांचा वाढदिवस अशा जाहिराती गोळा करायच्या आन् कमिशन सुटेल ते आपलं, बातमीचे पैसे कोण देते बावा. शेतकरी आत्महत्येचा तर साचाच सेव्ह होता मोबाईलमध्ये, सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून अमुक गावच्या शेतकऱ्याने विषारी औषध प्राशन करून, आन् खाली त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे. नाव, वय, गाव बदललं की झाली बातमी. दोन इंच.

म्हणून परी मले जास्त लागली असंल. परी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेली वेबसाईट. लॉगिन नाही, पैसे नाही, मधातच उडी मारणारी जाहिरात नाही, आन् मराठीतही आहे. खेड्यातल्या माणसाचं काम, मजुरी, आजारपण, गाणं, सगळं फोटो, व्हिडिओ आन् लेखात.

साईनाथ आमच्याकडं नवीन नाहीत. आत्महत्यांच्या त्या वर्षांत ते इकडं गावोगाव फिरत होते. 2006 मध्ये मुंबईत लॅक्मे फॅशन वीकले 512 पत्रकार आन् तेव्हाच विदर्भात आत्महत्या कव्हर करायले बाहेरून आलेले सहाही नाही, हा हिशोब त्यायचाच, आन् तिकडं रॅम्पवर कपडे कशाचे तर कापसाचे! 2007 ले मॅगसेसे भेटला. पद्मभूषण मात्र घेतला नाही, ज्या सरकारवर लिहायचं त्याचा पुरस्कार पत्रकारानं घेऊ नये म्हणून. इथं आम्ही सभापतीच्या हातची शाल आन् नारळ घेऊन फोटो छापून आणत होतो, जाऊ द्या.

सुरुवात करायची असंल तर 2017 च्या फवारणी विषबाधेवरचे जयदीप हर्डीकर यांचे रिपोर्ट काढा. तो सीझन मी इथंच होतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याच्या वर गेलती, बोंडअळीच्या धाकानं लोक औषधात औषध मिसळून मारत होते, फवारा वरून तोंडावरच येत होता, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. त्यात कितीक जण दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं पंप घेऊन गेलेले. मी काय लिहिलं तर, फवारणी करताना विषबाधा, प्रकृती चिंताजनक. औषध कोणतं, पंप कोणाचा, रोज किती, तोंडाले काही बांधलं होतं का, यातलं एकही मी विचारलं नव्हतं.

ते वाचून झाल्यावर मी गावातल्याच एका बाईकडे गेलो, तिच्या नवऱ्याच्या आत्महत्येची बातमी मीच लावली होती. सरकारी मदतीले केस अपात्र झालती, सातबारा सासऱ्याच्या नावावर म्हणून, म्हणजे सरकारच्या एक लाखातले हातात भेटणारे 30 हजारही नाही आन् डिपॉझिटचे 70 हजारही नाही. तिनं ते कात्रण राशन कार्डाच्या पिशवीत ठेवलं आहे अजून. म्हणे, भाऊ, तुमी दोन मुलं लिवले, तीन हायेत, एक पोटात होती तवा. मले चहा कसा प्यावा समजेना.

आता तक्रारी. लेख लांब आहेत, लय लांब. एसटीत बसून स्क्रोल करून वाचू म्हणाल तर नाही होत, स्टँड येऊन जाते. व्हिडिओ रात्री पाहतो मी, आमच्या गावात टॉवरची रेंज गच्चीवरच भेटते. आन् बरेच लेख पहिले इंग्रजीत लिहून मग मराठीत येतात, त्याच्यानं मराठी साफ असली तरी आपल्याकडचा माणूस बोलतो तो ठसका थोडा धुऊन निघते, काहून, मले, रायलो असं अजून यावं असं मले वाटते. बातमी लवकर पाहिजे असणाऱ्यायनं तर जाऊच नका, हे तसलं दुकानच नाही.

जात्यावरच्या ओव्यांचा भाग मात्र घरच्यायसोबत बसून ऐका. हेमा राईरकर आन् गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यातून जमवलेल्या लाखाच्या वर ओव्या, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो सगळं दिलेलं. मी आजीले एक ऑडिओ लावून दिला, त्या बाया मुळशीकडच्या. आजी दोन मिनिटं ऐकून म्हणे, चाल आपली नाही हे, पुण्याकडची दिसते, आन् परी कोणती रे, पंखवाली का? मग स्वतःच गायले लागली, दळताना दम कुठं घ्यायचा ते हात फिरवून दाखवत, बत्तीस वर्षांत मी तिले गाताना ऐकलं नव्हतं. रेकॉर्ड करावं म्हणून मोबाईल उचलला तर स्टोरेज फुल्ल, जुन्या वाढदिवसाच्या जाहिरातींचे फोटो अजून तसेच पडले होते. ते डिलीट करेपर्यंत आजी झोपली. पाचपैकी साडेचार.