फुले जयवंत नेपियरच्या कांड्या: वाण उत्तम, रोपवाटिका बेताची

थेऊरला आमच्या चार संकरित गाई आणि एक म्हैस. एप्रिल उजाडला की कडब्याचे भाव ऐकवत नाहीत, आणि नुसत्या उसाच्या वाढ्यावर दुधाच्या गाई निघत नाहीत. म्हणून फेब्रुवारीत सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून फुले जयवंतच्या कांड्या आणल्या. हा राहुरी कृषी विद्यापीठाचा संकरित नेपियर, म्हणजे जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचं उंच गवत.

दोन डोळ्यांची कांडी दोन रुपयांना पडली. ३ बाय २ फुटांवर लावली तर गुंठ्याला साधारण १८० बसतात. म्हणजे पाच गुंठ्यांचं बेणं दोन हजारांच्या आत.

पण घरपोच आलेल्या मोळीत वरवर जून कांड्या आणि आत सगळे शेंडे! शेंडा दिसतो हिरवागार, मातीत गेला की कुजतो. बेणं तीन महिन्यांच्या खोडाच्या खालच्या भागाचंच हवं. फोन केला तर म्हणाले, "ताई, एवढं इकडंतिकडं व्हायचंच." मग मीच गेले आणि समोर उभी राहून तोडून घेतल्या. त्या जवळजवळ सगळ्या फुटल्या.

मोबाईलवर पाकिटात 'नेपियरचं बी' विकतात, ते मात्र अजिबात घेऊ नका. हा बाजरी आणि हत्ती गवताचा संकर, त्याला उगवणारं बी धरतच नाही. कांडी लावा नाहीतर ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेला फुटवा.

पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी, पुढच्या सहा-सात आठवड्यांच्या अंतराने. वीतभर बुडखा ठेवायचा, कापलं की युरिया आणि पाणी द्यायचं. कापायला उशीर झाला की खोड लाकूड होतं, कुट्टी केली तरी गाई गव्हाणीत तशीच ठेवतात. वेळेवर कापलेलं मात्र चाटूनपुसून खातात. पानं मऊ आहेत, आमच्या जुन्या हत्ती गवतासारखी हाताला कापत नाहीत.

सासूबाईंचा जीव अजून कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत. "त्याची गोडी ह्याला नाही," म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण फुलोऱ्याआधीचं कोवळं कडवळ, त्यातून पाण्याचा ताण बसलेलं, जनावराच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊन ते तासाभरातही दगावू शकतं. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे मला नेपियर बरं वाटतं. मात्र नुसतं नेपियर घालू नका. त्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते जनावराचं कॅल्शियम अडवून ठेवतं. आम्ही लसूणघास मिसळतो, शिवाय खनिज मिश्रण देतो.

वाणाला पाचापैकी साडेचार. अर्धा कापला, कारण थंडीत वाढ फारच मंदावते. रोपवाटिकेला अडीच. उन्हाळ्यात पाण्याची सोय नसेल तर ह्या भानगडीत पडू नका. असेल तर घरपोच मागवू नका, सकाळी लवकर स्वतः जा.